धाकटीचं मशीन आणि माझा प्रोसेसर

४ मार्च, सकाळ
धाकटीने नवा कॉम्प्युटर घेतला. जाऊ माझी, राहते भिंतीपलीकडे, छपाईसाठी कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं लावायला मीच शिकवलेली. तेव्हा हेवा वाटायचं काही कारण नाही. मशीनला एका बाजूने काच आहे, आत रंगीत दिवे फिरतात. डोळे दुखत असतील, एवढंच मनात आलं.

४ मार्च, दुपार
छापखानेवाले काका येऊन गेले. पक्ष्यांचं मोठं पुस्तक निघालंय, पानोपानी फोटो. नमुन्याची फाइल माझ्याकडे उघडली आणि मशीन जे अडकलं ते अडकलंच. काका म्हणाले, वहिनी, तुमच्या हाताला तोड नाही, पण हे मशीन पुस्तक संपेपर्यंत तग धरायचं नाही. पंधराला पुन्हा येतो, जिच्याकडे फाइल सुरळीत चालेल तिचं काम. मग पलीकडे गेले. बराच वेळ हसण्याचे आवाज. पुस्तक पक्ष्यांचं, त्यात हसण्यासारखं काय?

५ मार्च
निश्चय. मशीन बदलायचं नाही. ह्यांनी स्वतःच्या हाताने जोडलेलं आहे. हे गेल्यापासून मी त्याची जागाही बदललेली नाही. फक्त आतला प्रोसेसर बदलायचा. स्वस्तातला घ्यायचा आणि ओव्हरक्लॉक करायचा, म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा. वाचनालयातून जाडजूड पुस्तक आणलंय. शाळा अर्ध्यावर सुटली, वाचन नाही सुटलं. धाकटी पदवीधर आहे, पण साधं माहितीपत्रकही तिला नवरा वाचून दाखवतो.

८ मार्च
पुस्तक संपलं. सार असं: महागडा प्रोसेसर घेणं म्हणजे दिखावा. स्वस्त पण वेग वाढवता येईल असा घ्यावा आणि वर्षानुवर्षं वापरावा. धाकटीचे दिवे विझतील तेव्हाही माझा पळत असेल.
दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, काकू, तुम्ही कशाला आलात, मुलाला पाठवायचं. म्हटलं, मुलगा नाही, प्रोसेसर द्या. मग म्हणाला, ओव्हरक्लॉक करायचा तर कूलर मोठा लागेल, नाहीतर तापेल. घेतला. बसवायला घरी कोणी आहे का, विचारलं. आहेत म्हटलं. कोण ते त्याने विचारलं नाही.

९ मार्च
बसवला! सगळं ह्यांच्या पद्धतीने. आधी रंगाच्या ब्रशने धूळ झाडली, मग प्रोसेसर, त्यावर उष्णता कूलरकडे नेणाऱ्या पेस्टचा थेंब, वर कूलर. कूलरच्या बुडाला पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेलं होतं, ते अर्थातच तसंच ठेवलं. त्यावर 'वापरण्याआधी काढा' असं लिहिलंय. तसं ते फ्रीजच्या दारावर, रिमोटवर आणि भिंतीवरच्या घड्याळावरही लिहिलंय. प्लास्टिक आहे तोवर वस्तू नवी, असं हे म्हणायचे. आमचा फ्रीज अजून नवा आहे.

१० मार्च
वेग वाढवला. मशीन बंद पडलं. हवा तापलीय. खिडकी उघडली.

११ मार्च
वेग थोडा उतरवला. बंद. धाकटी डोकावली. म्हणाली, वहिनी, कसला गं वास येतोय? म्हटलं, नव्या वस्तूचा येतो तसा. ती वळली आणि मशीन पुन्हा बंद. दृष्ट वगैरे मी मानत नाही. दार मात्र लावून घेतलं.

१३ मार्च
मूळ वेगावरही बंद पडतंय. दुकानदाराला फोन केला. कूलर नीट बसलाय ना, विचारत होता. म्हटलं, मी बसवलाय. त्याने घाईने फोन ठेवला. माल खराब दिलाय, दुसरं काय!
रात्री पलीकडून धाकटीचा आवाज आला. अहो, जरा बघता का, हे काय म्हणतंय? लगेच खुर्ची सरकल्याचा आवाज.
मशीनचा हेवा नाही मला. खरंच नाही.

१५ मार्च
काका आले. फाइल उघडली. पहिल्या पक्ष्याचे पाय आणि शेपूट दिसली, मग अंधार. काका म्हणाले, हरकत नाही वहिनी, पुन्हा लावा. पुन्हा तेच, या वेळी शेपूटही नाही. काका चष्मा पुसत उठले. काम धाकटीला.

१५ मार्च, संध्याकाळ
धाकटी स्क्रू ड्रायव्हर घेऊन आली. बोलावलं नव्हतं. नवऱ्याला हाक मारली नाही, कोणाला काही विचारलं नाही, सरळ कूलर उपटला. बुडाला ते प्लास्टिक, पापडासारखं आकसलेलं. म्हणाली, अगं वहिनी, यावर काढा म्हणून लिहिलंय की! म्हटलं, फ्रीजवरही लिहिलंय. तिने वळून फ्रीजकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. म्हणाली, दादांचं घर. ह्यांना ती दादा म्हणायची. मग हसली. मीही हसले, जरा उशिरा.
प्लास्टिक काढलं, नवी पेस्ट लावली, निघाली. जाताना रिमोटला हात घालत होती. तो मी काढून घेतला.

१६ मार्च
मशीन थंड. वेग वाढवला तरी थंड. धाकटीच्या मशीनशी वेगाचे आकडे ताडून पाहिले, माझं किंचित पुढे आहे. म्हणजे माझा हिशेब बरोबरच होता, मधे फक्त प्लास्टिक आलं. हे सांगायला पलीकडे गेले. ती बगळ्याचं पान लावत होती, मान वर न करता वा म्हणाली. समास चुकला होता. बोलले नाही.
घरी आले. उघडायला फाइल नव्हती, म्हणून कॉम्प्युटरवर पत्ते लावले.
फार भरभर हरले.