वाफ्याचं वळण

प्रिय मास्तरीण,

मागच्या अंगणातल्या नळापाशी, बुटांना चिखल लागू नये म्हणून टाचा उचलून उभी राहत तू म्हणालीस, “हा आकार ना, मी कुठेतरी पाहिला होता,” आणि माझं सगळं तिथेच बदललं. कॉलेज सुटलं तेव्हा नाही, तुझं लग्न ठरल्याचं कळलं तेव्हाही नाही. नळ वाहत होता, माझे हात मातीने भरलेले तसेच होते. तू नळ बंद केलास, पाणी वाया जातं म्हणून, आणि आत गेलीस.

आज मी पुन्हा त्याच घरात आहे. तुझ्या होणाऱ्या घरात. तुम्ही सगळी मंडळी खरेदीला गेला आहात. तुझ्या सासूबाईंनी माझ्या माळीकाम करणाऱ्या मामाकडे किल्ली दिली आणि बजावलं, की काम झालं की किल्ली आत ओट्यावर ठेवा, दार नुसतं ओढून घ्या, आपोआप लागतं. तर मी तुझ्या ओट्यापाशी उभा राहून लिहितोय. रंगाचा वास अजून गेलेला नाही. फ्रिजवरचा कागद कुणी सोललेला नाही. बसायला एक स्टूलसुद्धा नाही, आणि असतं तरी मी बसलो नसतो. बाहेर गवतावर वाफ्याच्या कडेची काळी प्लॅस्टिकची पट्टी पसरून ठेवली आहे. ती उन्हात मऊ पडेपर्यंत मला दुसरं काम नाही.

हे मऊ पडणं म्हणजे मामाचा पहिला धडा. पट्टी गुंडाळीत येते, आणि गुंडाळीत राहून तिला गोल व्हायची सवय लागलेली असते. उन्हात घालून ती सवय मोडायची, मगच पट्टी चर खणून त्यात बसवायची, मेखा ठोकायच्या आणि दोन्ही बाजूंनी माती चोपायची. तशीच थंड घातली, तर आज गप्प बसेल आणि उद्या जमिनीतून उठून बसेल. मामा म्हणतो, “तू तापलास की ऐकत नाहीस, ती तापली की ऐकते. तुमच्यात फरक तो एवढाच.” कॉलेज सोडून त्याच्याकडे आलो, त्या दिवशी त्याने हातात हातोडा दिला आणि म्हणाला, “दारं आपटून झाली असतील तर आता हे आपट.”

दार मी आपटलं होतं खरं. कुणासाठी, ते तरी आठवतंय का? की तेही कुठेतरी पाहिलेलं? सरांनी हसल्याबद्दल तुला उभं केलं. हसवलं होतं मी. सर तुला नको ते बोलले, मुलींना कॉलेजात लग्न जमेपर्यंत वेळ काढायला पाठवतात म्हणाले. सगळा वर्ग खाली बघत होता. मी उठलो, बोललो, जरा जास्तच बोललो. माफी माग नाहीतर चालता हो म्हणाले, मी चालता झालो. संध्याकाळी तू मला म्हणालीस, “मागून टाकली असतीस माफी तर काय झिजला असतास?” मास्तरीण, तुला उभं केलं होतं गं. आणि तू मला समजावत होतीस. मास्तरीण हे नाव मी तुला उगीच नव्हतं ठेवलं.

त्यानंतर तुझं ‘बघू’ सुरू झालं. भेटायचं का, तर बघू. घरी माझ्याबद्दल सांगणार का, बघू. नाही असं तू एकदाही म्हणाली नाहीस, ही तुझी हुशारी. मीही तुझ्या प्रत्येक ‘बघू’ला ‘हो’ समजत राहिलो, ही माझी.

आणि तो आकार. लायब्ररीच्या मागे भिंतीच्या कडेला ओली माती होती, तिथे मी काडीने आपलं घर काढलं होतं. घर कसलं, चार रेघा. तू म्हणालीस, घर राहू दे, बाग काढ. मी वाफा काढला, लांबट, सरळसोट. तू म्हणालीस, हा काय हायवे आहे? मग मी मधोमध एक वळण आत घेतलं, बाक मावेल एवढं. तू त्या खोलगट जागेत खरोखर जाऊन उभी राहिलीस, मलाही ओढलंस, गुडघे फुलांना लागतायत का ते बघितलंस. तिथे फुलं नव्हती, मास्तरीण. चिखल होता. तरी तू “सॉरी” म्हणालीस, नसलेल्या फुलाला.

म्हणून गेल्या आठवड्यात मामासोबत इथे आलो आणि फाटकातून तू दिसलीस, तेव्हा मी परत निघालो होतो. मामाने बाही धरली. तुझ्या सासूबाई वाफा सरळ हवा म्हणत होत्या. तू म्हणालीस, “थांबा, मला एक सुचलंय.” नळाचा पाइप उचललास, गवतावर टाकलास आणि पायाने ढकलत ढकलत त्याला वळण दिलंस. तेच वळण. तीच खोलगट जागा, मधोमध. आणि माझ्याकडे बघून म्हणालीस, “इथे थोडं आत घ्या हं. बाक बसायला हवं.”

घ्या! जिच्या तोंडून मला ‘गाढवा’ नाहीतर ‘काडेपेटी’च्या वर बढती कधी मिळाली नव्हती, ती मला ‘घ्या’ म्हणाली. पण मला त्याचंसुद्धा वाईट वाटलं नाही, इतका मी खुळा. मला वाटलं, ही खूण आहे. सगळ्यांच्या देखत बोलता येत नाही म्हणून पायाने सांगतेय. माझ्या अंगात असं काही संचारलं की मामा माती आणायला गेल्यावर मी एकट्याने चर खणला, पट्टीची गुंडाळी फोडली आणि उन्हाबिन्हाची वाट न बघता ती थेट आत घातली. मला काम उरकायचं होतं, तुला एकटीला गाठायचं होतं. तुझा होणारा नवरा पाणी घेऊन आला, म्हणाला, “बॉस, दमाने घे, घाई नाहीये.” चांगला माणूस आहे. तो वाईट असता तर किती सोयीचं झालं असतं.

मग नळापाशी तुला गाठलं. विचारलं, हा आकार तू का काढलास? तू खरंच आठवायला लागलीस. डोळे बारीक करून, परीक्षेत आठवायचीस तशी. आणि मग ते वाक्य. तू लपवत असतीस, तर मी तेवढ्यावर आणखी काही वर्षं काढली असती. पण तुला आठवतच नव्हतं.

दुसऱ्या सकाळी तुझ्या सासूबाईंचा फोन आला. पट्टी उठून बसली होती, नेमकी वळणावर. मामा म्हणाला, “लोकांच्या बागेत तुझी भडास नको. जा, निस्तरून ये.”

इथवर लिहून बाहेर जाऊन आलो. काम झालं. नखांत माती आहे, कागदाला डाग पडलेत, चालवून घे. पट्टी या वेळी छान ऐकली. मेखा हलणार नाहीत, माती अशी चोपली आहे की पाण्याचा लोट आला तरी हूं की चूं करणार नाही. फक्त वाफ्याला आता वळण नाही. खोलगट जागेतलं गवत मी सोलून काढलं, तिथली जमीन खणून वाफ्यात घेतली आणि कड सरळ नेली, सासूबाईंना हवी होती तशी. बाक कुठे ठेवायचं ते तुम्ही दोघं बघा. सरळ रेघेला पट्टी कमी लागते, म्हणून थोडी उरली. तेवढा तुकडा मी नेतोय. माझा आहे तो.

हे पत्र एवढ्याचसाठी, की तू वाफा बघून ‘बिचाऱ्याला वळण जमलं नाही’ असं म्हणू नयेस. जमलं होतं. तुझ्याआधी जमलं होतं. घरात सांगायचं तर सांग की माळ्याने चुकवलं. खरं सांगायला तुला आधी आठवावं लागेल. मागच्या दारापाशी तुझे बागेतले नवे गमबूट आहेत, डाव्यात ही घडी घालून ठेवतो. तिथे दुसऱ्या कुणाचा पाय जाणार नाही. किल्ली ओट्यावर ठेवली आहे. आता ओढलं की हे दार मला बाहेरून उघडता येणार नाही, आणि या वेळी मी ते आपटणारसुद्धा नाही. तुकडा काखोटीला मारलाय. निघालो. दार ओढून घेतोय.

तुझाच, हे शेवटचं, सवयीने,
काडेपेटी