बलदंड पुरुषाचा पूल

वॉर्सा,
१० फेब्रुवारी १९९४

चि. वालेन्तिनास अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

सोबत एक छापील पुस्तिका आहे. ‘गिझित्स्को : एक दृष्टिक्षेप’. सोळा पानं, त्यातली दोन जाहिरातींची. प्रकाशकाने आपल्या गावाचा परिचय लिहायला मलाच का गाठलं, असं विचारलं, तर म्हणे विद्यापीठात संस्कृत शिकवणाऱ्याला वेळ असतो. खरं आहे, यंदा विद्यार्थी तीन आहेत आणि त्यातला एक चुकून आला आहे.

सरोवरं, किल्ला, पाण्याचा मनोरा, धुरी दिलेले मासे, सगळं घेतलं आहे. कालव्यावरच्या फिरत्या पुलावर मात्र जीव ओतला. ‘शंभर टन लोखंडाचा हा पूल, बोट आली की, एकटा माणूस हाताने बाजूला फिरवतो, त्यासाठी बैलाच्या मानेचा आणि लोहाराच्या छातीचा बलदंड पुरुषच हवा.’ तुझ्या झिगफ्रिदला वाचायला मिळालं असतं, तर मिशीत हसला असता. त्याला जाऊन तीन महिने झाले, तरी पुलाचं वाक्य लिहिताना तोच डोळ्यांसमोर होता.

आता मुद्द्याचं. पुलावरच्या माणसाचं घर त्या नोकरीबरोबर येतं आणि नोकरीबरोबर जातं. मोसम एप्रिलात सुरू होईल, नवा माणूस येईल, तेव्हा तू काय करणार? आमच्याकडची लहान खोली रिकामी केली आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते. पाणी दिसत नाही, पण नळाला बारा महिने असतं. ईस्टरनंतर गाडी घेऊन येतो. हट्ट करू नकोस.

तुझ्या हट्टाला पुरून उरलेला,
लुदोमिरदादा


गिझित्स्को,
२ मार्च १९९४

ती. दादास सा. न. वि. वि.

पुस्तिका पोचली. वाचली. न्येगोचिन सरोवर गावाच्या दक्षिणेला आहे. तू ते उत्तरेला ठेवलं आहेस. एवढं थोरलं सरोवर तू एका लेखणीने उचलून इकडचं तिकडे केलंस, आणि मला म्हणे पूल हलणार नाही.

हो, तेच सांगते आहे. झिगफ्रिदच्या जागेसाठी मी अर्ज केला. कालव्याच्या कार्यालयातल्या कालिक्स्त इंजिनियरांनी खुर्ची दिली, चहा दिला, नवऱ्याबद्दल चार बरे शब्दही बोलले. मग खणातून तुझी पुस्तिका काढली आणि ते बैलाचं आणि लोहाराचं वाक्य मला मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणाले, बाई, हे आम्ही म्हणत नाही, तुमचे सख्खे भाऊ म्हणतात, आणि ते प्राध्यापक आहेत. मी चहा तसाच ठेवून उठले.

आता तुला ठाऊक नसलेलं सांगते. गेले दोन मोसम पूल मीच फिरवला. झिगफ्रिदच्या पाठीचा मणका गेला होता. नोकरी जाऊ नये म्हणून मी त्याचा कोट आणि टोपी घालून बाहेर जायची आणि तो खिडकीत बसून बोटी मोजायचा. कुणाला कळलं नाही. तो म्हणायचा, जिवंत आहे तोवर बोलू नकोस, लाज वाटते. मी बोलले नाही. आता बोलावं, तर त्याचं नाव जातं. गप्प बसावं, तर घर जातं.

खोलीबद्दल वहिनींचे आभार. पण गाडी आणू नकोस. आईबाबा युद्धानंतर घर सोडावं लागलं तेव्हा विल्नोहून एका गाठोड्यानिशी इथे आले, ते पुन्हा कुठे जायचं नाही असं म्हणूनच. मी तेच म्हणते आहे.

तुझीच, आणि अजून इथलीच,
वालेन्तिना


वॉर्सा,
१२ मार्च १९९४

चि. वालेन्तिनास आशीर्वाद वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा उभ्याने.

अतिशयोक्ती हा अलंकार आहे, असं मी तीस वर्षं शिकवतो आहे. तो अलंकार कुणाच्या घराला कुलूप घालू शकतो, हे माझ्या गुरुजींनी मला सांगितलं नव्हतं. कालिक्स्त इंजिनियरांना चार पानी पत्र लिहिलं आहे. त्यात ते वाक्य काव्य आहे, माहिती नव्हे, असा कबुलीजबाब दिला आहे. तुझी वहिनी म्हणाली की हे वाचून इंजिनियर तुझ्याऐवजी माझीच कीव करतील. मी ते तरीही पेटीत टाकलं.

आणखी एक कबुली, ती फक्त तुला. सतराव्या वर्षी पैजेवर मी त्या पुलाचा दांडा धरला होता. जीव खाऊन हिसके दिले, पूल तसूभर हलला नाही. आठवडाभर वाकून चालत होतो आणि आईला सायकलवरून पडलो असं सांगितलं. म्हणून तो बैल आणि तो लोहार. जे आपल्याला जमलं नाही, ते राक्षसाचंच काम असणार, अशी माझी समजूत.

पण खरं सांग, तुला कसं जमतं? आणि तुझ्या पाठीचं काय? अट्ठेचाळीस म्हणजे काही अठरा नव्हेत. खोली अजून रिकामी आहे, एवढंच म्हणतो. येच, असं म्हणत नाही.

चुकलेला, पण तुझाच,
लुदोमिरदादा


गिझित्स्को,
१७ एप्रिल १९९४

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं चार पानी पत्र इंजिनियरांनी वाचलं. त्यांना त्यातलं काही कळलं नाही, पण एवढा शिकलेला माणूस एवढा घाबरला आहे म्हणून त्यांनी मला पुन्हा बोलावलं. मी सगळं सांगून टाकलं; कोट, टोपी, दोन मोसम. झिगफ्रिदला लाज वाटली असती, ठाऊक आहे. पण मेलेल्या माणसाची लाज राखायला जिवंत माणसाने घर सोडायचं, हे मला मान्य नाही, आणि त्यालाही झालं नसतं. इंजिनियर म्हणाले, दोन वर्षं मला वाटायचं की झिगफ्रिद जरा रोडावला आहे.

तरी परीक्षा ठेवलीच. काल मोसमाची पहिली बोट आली, तेव्हा ते दोन दांडगे गडी घेऊन हजर. मी फिरवू शकले नाही, तर ते फिरवणार. मी म्हटलं, कबूल, पण आधी साहेबांनी स्वतः हात लावावा. वजन किती ते कळल्याशिवाय परीक्षा कशी घेणार? काठावर माणसं जमली होती, साहेबांना नाही म्हणता येईना. कोट काढला, दांडा धरला, हिसका दिला. मग आणखी एक. शेजारची फ्रिदामावशी माशांची टोपली घेऊन उभी होती, ती तिथून ओरडली की साहेब, नोकरी सरकारी असली, तरी पाठ आपलीच असते. पूल काही हलला नाही. गड्यांपैकी एकाने दुसऱ्याकडे पाहिलं आणि दोघांनीही हात खिशात घातले.

तू विचारलंस कसं जमतं. हिसका द्यायचाच नाही, दादा. नुसतं रेलायचं आणि थांबायचं. दहा श्वास, वीस श्वास. लोखंडाला वाटतं ही बाई काही जात नाही, मग तेच निघतं. एकदा निघालं की खरं काम त्याला थांबवण्याचं. मी रेलले. बोटीने दोनदा भोंगा दिला; बोटीला घाई होती, मला नव्हती. पूल निघाला, काठाला जाऊन टेकला, बोट गेली, पूल परत जागेवर. इंजिनियरांनी घड्याळ बघितलं आणि ते बंद पडलं आहे का, म्हणून कानाला लावलं.

नेमणूक हातात आहे. त्यात ‘तात्पुरती’ असं लिहिलं आहे. झिगफ्रिदच्या नेमणुकीतही तेच लिहिलं होतं. तो बावीस वर्षं तात्पुरता होता. पाठ दुखते आहे, खोटं कशाला बोलू. फ्रिदामावशी डुकराची चरबी चोळते आणि मी शिव्या देते.

आता तुझी शिक्षा. प्रकाशकाला सांगून दुसरी आवृत्ती काढ. सरोवर दक्षिणेला परत ठेव. बैल आणि लोहार दोघांनाही काढून टाक. तिथे मी सांगते ते घाल, अलंकार न लावता: ‘फिरत्या पुलावर वालेन्तिनाबाई असतात. पाच मिनिटं लागतात. घाई असेल, त्याने पलीकडच्या पुलावरून जावं.’

जुलैत तुम्ही दोघं या. गाडी रिकामी आणा, जाताना माशांनी भरून न्या. आणि लहान खोली त्या चुकून आलेल्या विद्यार्थ्याला द्या.

तुझ्यावर माया करणारी, पुलावरची,
वालेन्तिना