चिंचेने घासलेलं अँटिक

६ नोव्हेंबर २००६
नागपूरचा डेकोरेटर परत आला. पांढरे बूट, ते बाहेर काढायला तयार नाही. दिवाणखान्यात उभं राहून प्रवचन दिलं: घरात एक धातू मुख्य, दोन सोबतीला. चौथा आणला की भांड्यांचं दुकान होतं. आमचा विनू मान डोलावत होता. धाकटा भाऊ, शेतीखात्यात साहेब. दुपारपर्यंत झरी जामणीकडच्या गावांत कापसाची पाहणी करून आला, बुटाला तिथली माती तशीच. त्या मातीसकट बसून नळाच्या तोट्या निवडत होता. ही काळपट बरी की ती गुलाबी?
गावात काय पाहिलं, विचारलं. "वाईट आहे ताई," म्हणाला. आणि गुलाबी तोटी उजेडात धरली.

८ नोव्हें.
ठरलं एकदाचं. मुख्य धातू पितळ. पण चकचकीत नाही, काळं केलेलं, त्याला अँटिक म्हणायचं. सोबतीला तांबं आणि स्टील. स्टीलसुद्धा मंद केलेलं. म्हणजे दुकानातून कोरं करकरीत आणायचं आणि ते आजोबांच्या काळचं दिसावं म्हणून आधीच काळं करून घ्यायचं. आमच्या आजोबांच्या काळचं होतं ते विनूच्या बायकोने, रेखाने, मागच्या दिवाळीला मोडीत घातलं.
आज मी हे बोलून दाखवलं. भावजय म्हणाली, "ताई, तुम्हाले नाही समजत. वॉर्म लुक येते त्याने." यवतमाळात वॉर्म लुक विकत आणावा लागतो हे मला खरंच माहीत नव्हतं.

११ नोव्हें.
आता कळलं मुद्दा काय. तीन धातू उठून दिसायला जागा लागते. म्हणून मधली भिंत पडणार. भिंतीपलीकडे आई आणि मी. आईचं वय एक्क्याऐंशी, बाबा गेल्यापासून त्याच खोलीत.
आईचं काय? "मागची खोली मस्त करून देऊ ना." मागची खोली म्हणजे कूलर, सायकल आणि गव्हाची कोठी. माझं काय, हे कोणी बोललं नाही. मीही विचारलं नाही.
डेकोरेटरने देव्हाऱ्यात डोकावून पाहिलं. चांदीची अन्नपूर्णा, पितळेचा बाळकृष्ण, तांब्याचं ताम्हण, स्टीलची ताटली. म्हणाला, हे फार विस्कळीत दिसतंय, दाराआड घेऊ. आई म्हणाली, "घे बापा. देवाले काय, तो आडूनबी पाह्यते."
मला राग आला तो तिचाच. जरा तरी भांडावं माणसाने.

१५ नोव्हें.
ऑफिसातल्या राठोडबाईंना सगळं सांगितलं, डेकोरेटरची नक्कल करून. एरवी मोठ्याने हसतात. आज थोडं हसल्या. "ताई, आमच्या तांड्यात हे मिक्सबिक्स पहिल्यापासूनच होतं. खाली पितळेचे हंडे, त्यावर तांब्याचे, वर स्टीलचे. भिंतीले लावून उतरंड. कोणता डेकोरेटर आलता तिथं?"
मग डबा उघडता उघडता: "या दोन-तीन वर्षांत सारं मोडीत गेलं. घरोघरी. आता एकच फिनिश, जर्मन, अल्युमिनमचं."
त्यांचा भाऊ कापूसवालाच आहे. आमच्या विनूसाहेबांनी त्याही तांड्याची पाहणी केली असेल. वाईट आहे, म्हणाला असेल.

२१ नोव्हें.
भिंत पडली. मागच्या खोलीत दोन कॉट आणि मध्ये कोठी. आईला रात्री उठायचं तर कोठीला वळसा. मी विनूला सांगितलं. "पूजा होऊ दे ताई, मग पाहू." आमच्या घरात 'मग पाहू' ही कामं पुरायची जागा आहे.

२४ नोव्हें.
झालं म्हणे पूर्ण. दाराच्या मुठी पितळी, छताला तांब्याचे दिवे टांगलेले, खुर्च्यांना स्टीलचे पाय. कोपऱ्यात चार काळेकुट्ट पितळी हंडे, लहानमोठे. त्यांत काय ठेवायचं? काही नाही, ते असेच असतात. त्यांच्यासमोर स्टुलावर बसून रेखाने फोटो काढून घेतला.
रविवारी सत्यनारायण. विनूचे वरचे साहेब येणार आहेत, त्यासाठीच सगळा खटाटोप. देव निमित्ताला.

२५ नोव्हें.
आज जे पाहिलं ते लिहितानाही हसू येतंय. आणि नंतर जे झालं त्याने सगळं हसू पुसलं.
विनू-रेखा बाजारात, मी ऑ.त. परत आले तर आई दिवाणखान्यात फतकल मारून बसलेली. पुढ्यात चिंचेचा कोळ, मीठ, काथ्या. चारही हंडे सोन्यासारखे पिवळे. हात पोचला तिथपर्यंतच्या मुठीसुद्धा. कोपरापर्यंत काळी झालेली, पण चेहरा असा की कितीतरी दिवसांनी पाहिला. "किती काळवंडू देल्ते वं हे. उद्या पाव्हणे येतीन, काय म्हणतीन? या घरात बाईमाणूस नाही काय?"
मी जमिनीवर बसून हसले. रेखा आली आणि रडली. अँटिकसाठी कोणी रडतं हे पहिल्यांदा पाहिलं. विनू ओरडला नाही. ओरडला असता तर बरं. शांतपणे म्हणाला, "आईचं डोकं चालून नाही राह्यलं आता. मालूकडे अमरावतीले पाठवून देऊ." मालू म्हणजे आमची बहीण. आणि हे आईच्या देखत. ती शेवटचा हंडा पुसत होती, पुसतच राहिली.
नीच माणूस. माझा भाऊ आहे म्हणून लिहिते, नाहीतर याहून वाईट लिहिलं असतं.

२६ नोव्हें.
पूजा झाली. वरचे साहेब हंड्यांपाशी थबकले. "वा, काय चमक आहे. जुने दिसतात." आमचा विनू: "हो सर, पिढीजात आहेत." डोळ्याची पापणी लवली नाही. मग दोघे कापसावर हळहळले आणि साहेबांनी शिरा पुन्हा मागून घेतला.
वाटलं, आता तरी आईचं नाव काढेल. नाही काढलं. उलट पाहुणे गेल्यावर मालूला फोन. पुढच्या आठवड्यात गाडी करून पोचवणार. मालूच्या घरी आईला दोन दिवसांवर करमत नाही, हे त्यालाही माहीत आहे.

२८ नोव्हें.
राठोडबाईंच्या माडीवरच्या दोन खोल्या पाहिल्या, लोहाऱ्याला. खिडकीतून कारखान्यांचे पत्रे दिसतात. नळाची तोटी कोणत्याही फिनिशची नाही, पण पाणी येतं. घेते म्हटलं. आई आणि मी. आधीच करायला हवं होतं. बाई म्हणाल्या, "आईले विचारलं काय?" मी म्हटलं, त्यात विचारायचं काय. किल्ली घेऊन आले.

३० नोव्हें.
आईला सांगितलं. वाटलं होतं, लगेच लुगडी गोळा करेल.
ती म्हणाली, "विनू येडा बयताड आहे. मले का माहीत नाही? पण घरी आला की आई जेवली काय, इचारते. तू इतकी वर्षं माह्या जवळ झोपली, रोज सांगते कोण कसा मूर्ख. मी ऐकते. खोटंबी नसते तुहं. पण तिथं दोघीच राह्यलो, मंग तू कोणाले बोलशीन?"
मी म्हटलं, तुला कशाला बोलेन.
"आतापर्यंत मले बोलली नाही, कारण बोलाले बाकीचे होते."
मला फार लागलं. अजूनही लागतंय.
मग अमरावतीला जाणार का, विचारलं. "इचार करू दे."

२ डिसें.
विनूने गाडी मंगळवारची सांगितली आहे. आई अजून बॅग भरत नाही.
सकाळी ऑ.ला निघताना तिला विचारलं, "आई, वेळेवर जेवशील ना?" तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तू नको बोलू असं. तुले जमत नाही," म्हणाली, आणि किंचित हसली. हसली ते कशाला, दिवसभर कळलं नाही.
खोल्या घ्यायच्या की किल्ली परत करायची, ते राठोडबाईंना सोमवारी सांगायचं आहे.