न्हाव्याच्या खुर्चीतली तपासणी

प्रिय धाकट्यास, ताईचे भरभरून आशीर्वाद.

मी मजेत आहे. इथल्या खेड्यांत आम्ही लोकांचा रक्तदाब मोजत फिरतो. भाषा तीन, पण पुरुषांची सबब एकच: "मला काय धाड भरलीय?" म्हणून आता मी न्हाव्याच्या दुकानातच बसते. तो म्हणतो, "बाई, गळ्याशी वस्तरा असला की कोणी नाही म्हणत नाही." काल एकाला अर्ध्या दाढीनिशी दवाखान्यात पाठवलं. वाचला.

मीठ कमी केलंस का? तुझी बायको म्हणाली, जिना चढताना तू मध्येच थांबतोस आणि खिडकीबाहेर बघत असल्याचं सोंग करतोस. बाबाही शेवटी असेच थांबायचे.

उद्याच दाब मोजून घे, राजा. मला माहेर म्हणायला आता तूच आहेस.

तुझी,
ताई