ओनुग्बूचा पाला धुतल्याबद्दल

तीर्थस्वरूप मावशीस उझोअमाकाचा वाकून नमस्कार. काकांचे गुडघे आणि तुझा आवाज, दोन्ही ठणठणीत असतील अशी आशा आहे. छातीतल्या गाठीबद्दल विचारत नाही, कारण "माझ्या भाचीच्या पाल्याने कॅन्सर मरतो, मग मी इस्पितळात कशाला जाऊ?" असं तू अख्ख्या ओबोलो गावाला ऐकवते आहेस, ते मलाही पोचलं आहे.

तर त्या पाल्याची हकीकत. तू पाठवलेला ओनुग्बूचा कडू पाला मी कुटला, त्याचा अर्क काढला आणि प्रयोगशाळेत ताटलीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर घातला. तीन दिवसांनी पाहते तर पेशी मरणं सोडाच, चांगलं बाळसं धरून बसलेल्या. आमचे प्राध्यापक एझेमा (जन्म लागोसचा, स्वयंपाकघरात कधी पाऊल नाही) म्हणाले, "बाई, ही भाजी आहे. कुटलेल्या कंदाबरोबर खा आणि संशोधनाला दुसरा विषय घ्या." मी म्हटलं, भाजी तर भाजी, विषय माझा आहे, सोडणार नाही. मग उरलेलं एक पान चघळलं, तर ते कडूच लागेना. मावशी, तू तो पाला धुतला होतास. पाहुण्यांच्या कालवणासाठी धुतात तसा, फेस जाईपर्यंत सात पाण्यांतून चोळून, वर वाळवून. (शिकलेल्या भाचीकडे न धुतलेला पाला पाठवला तर लोक काय म्हणतील, हे मला कळतं. पण औषध मोरीत गेलं आणि अब्रू तेवढी माझ्याकडे आली.)

मी हट्टाने वसतिगृहाच्या कुंपणावरचा पाला तोडला, धूळ फुंकली आणि तसाच वापरला. पेशी मेल्या. एकदा नाही, तीनदा. सर आकडे उलटसुलट बघून म्हणाले, "नशीब." मी म्हटलं, "नशीब लागोपाठ तीनदा येत नाही सर, तसे फक्त पाहुणे येतात." विषय माझ्याकडेच राहिला आहे.

तुझी हट्टी भाची,
उझोअमाका

ता. क. हे पत्र चर्चमधल्या बायकांना वाचून दाखवत असशील तर इथेच थांब.

ता. क. २. शेजारच्या ताटलीत मी भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून पाहिला होता. त्या पेशीही मेल्या, पाल्याच्याही आधी. ताटलीतली पेशी पुष्कळ गोष्टींनी मरते, पण तू ताटली नाहीस. मला भीती वाटते, मावशी. पाल्यासाठी मी सरांशी भांडले, तुझ्यासाठी तुझ्याशी भांडेन. एनुगूच्या इस्पितळात तुझं नाव घातलं आहे, बुधवारी सकाळी गाडी घेऊन येते. रागवायचं ते गाडीत रागाव, रस्ता दोन तासांचा आहे.