जास्तीचे पाचशे वेढे

प्रिय ढमे,

जुनी इलेक्ट्रिक गिटार विकून नवी घ्यायची म्हणतेस, आणि तू हेरलेल्या तिन्हींत कोणती बरी ते मला विचारतेस, म्हणून काल दुपारी मोटर रिवाइंडिंगच्या वर्कशॉपला कुलूप ठोकून वाद्यांच्या दुकानात गेले. दुकानदाराला वाटलं, बाई पंख्याची मोटर द्यायला आल्या. त्याला तिन्ही गिटारी वाजवून दाखवायला लावल्या. माझे कान तुला माहीत आहेत. मोटर नुसती गुरगुरली तरी तिचं कुठे दुखतंय ते मी सांगते. टेलिकास्टरच्या ब्रिजजवळ, तारा खाली टेकतात तिथे, त्यांचा कंप पकडणारा जो पिकअप आहे, त्याचा आवाज लख्ख, पण वरच्या सुरांत कानाला बोचतो. स्ट्रॅटोकास्टरचे तीन पिकअप, गोड वाजते, पण कॉइल एकेरी असल्यामुळे ट्यूबलाइटशेजारी नेली की गुणगुणते. लेस पॉलच्या प्रत्येक पिकअपमधल्या दोन-दोन कॉइल ती गुणगुण आपापसात जिरवतात, आवाज भरदार. पण तासभर गळ्यात अडकवलीस तर पाठ चोळायला मलाच बोलावशील.

तुला हवा तो आवाज, भरलेला आणि तरी धार असलेला, जुन्या गिटारमध्ये आहे तसा, तो या तिन्हींत नाही. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण तो कुठून आला ते मला ठाऊक आहे.

पहिल्या स्पर्धेआधी तुझी गिटार मुकी झाली होती, आठवतं? कारागिराकडे पोचव म्हणालीस आणि वर बजावलंस, पंखे-मिक्सरचे हात हिला लावू नकोस. मी गेले, तर कारागीर पंधरा दिवसांसाठी गावाला गेलेला. स्पर्धा चार दिवसांवर. घरी आणून उघडली, तर ब्रिजजवळच्या पिकअपची तार आतून तुटलेली. केसाहून बारीक, पण शेवटी ती कॉइलच, आणि माझा जन्म कॉइल गुंडाळण्यात गेलाय. आठ हजार वेढे द्यायचे होते. मध्येच पंपवाला गिऱ्हाईक भांडायला आला, त्याला वाटेला लावेपर्यंत माझी मोजणी चुकली. कमी पडायला नकोत म्हणून अंदाजाने देत राहिले. पाचशे तरी जास्तच बसले असतील. त्यानेच तो आवाज जाड झाला. तुला सांगितलं, आतल्या वायरीचा सोल्डरचा टाका सुटला होता, कारागिराने लावून दिला. तू बक्षीस घेऊन आलीस आणि त्या माणसाच्या हाताचे गोडवे गात बसलीस. मला राग आला होता, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं होतं. तरी गप्प बसले. तू आनंदात होतीस, आणि मला तुझ्याशी वाद घालायचा नव्हता.

आता मात्र गप्प बसून चालणार नाही. रविवारी गिटार बघायला माणूस येतोय, आणि जाहिरातीत तू लिहिलंयस की सगळे भाग मूळचे आहेत, कुणी हात लावलेला नाही. तो तुझ्या शब्दावर घेणार. माझ्या थापेपायी तू खोटी ठरलीस तर मला ते सहन व्हायचं नाही. आजच त्याला फोन कर आणि सांग, हा पिकअप माझ्या आईने नव्याने गुंडाळलाय. मग तो घेवो वा न घेवो. आणि त्याच्या हातात देण्याआधी एकदा वाजवून बघ, तो आवाज माझ्या हातचा आहे हे माहीत असताना. नंतर काय करायचं ते तुझं तू ठरव.

तुझीच,
आई