हळद पोचवायची राहिली

१८ एप्रिल १९७१
आजपासून रोजनिशी. लालचंदशेठनं दुकानाची डायरी भेट दिली, पहिल्या पानावर 'जवान झुलाल तोताराम पाटील यांस' असं स्वतः लिहून. गावात पहिल्यांदाच कोणी मिलिटरीत लागलंय, त्यामुळे त्यांनाही लिहावंसं वाटलं असणार.
परवा धुळ्याला पोलीस ग्राउंडवर भरती झाली. उंची पास, छाती पास, धावणं पास. वजनाला थोडी अडचण आली. खरं तर वजन माझं होतंच, काटा सरकारी होता. नदीपलीकडच्या गावचा चुडामण रांगेत माझ्या मागे होता. त्यानं घरच्या बागेतली केळी पिशवी भरून आणली होती. मला बाजूला नेऊन एकामागून एक खायला लावली, वर दोन तांबे पाणी पाजलं. दुसऱ्या वेळी काटा बरोबर आला. त्याचं स्वतःचं वजन पहिल्याच फटक्यात भरलेलं. दोघंही सिलेक्ट. १४ जूनला धुळ्याला हजर व्हायचं, तिथून ट्रेनिंग सेंटर.
निश्चय: पहाटे उठून रनिंग. बिडी बंद. डायरीत खोटं लिहायचं नाही.

२१ एप्रिल
पहाटे उठलो. बाहेर अजून अंधार होता. अंधारात पाय मुरगळला तर मेडिकलला अनफिट ठरेन, म्हणून परत झोपलो. देशाचं नुकसान टाळलं.
बिडी एकच ओढली, तीही चुलत्यांनी आग्रह केला म्हणून.
रेडिओवर रोज बंगालच्या बातम्या. चावडीवर लोक म्हणतात लढाई होणार. मी काही बोलत नाही. आमच्या लाइनमध्ये असल्या गोष्टी उघड बोलायच्या नसतात.

२५ एप्रिल
आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. माहेरवाशिणी आल्यात, लिंबाला झोके बांधलेत.
आमच्याकडे आखाजीला पोरी गौराई बोळवायला गिरणा नदीवर जातात. समोरच्या काठावर पलीकडच्या गावच्या पोरी. मग शिव्यांची गाणी सुरू होतात, एकमेकींच्या बाप-भावांनाही कोणी सोडत नाही. आणि पोरं दोन्ही काठांवरून ढेकळं फेकतात. पूर्वीपासून चालत आलंय. ढेकूळ मऊ हवं, हातानं फेकायचं. कोणाला लागून रक्त आलं, तर फेकणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी दिवस बुडायच्या आत हळद आणि गूळ घेऊन नदी ओलांडायची, आपल्या हातानं जखमेला हळद लावायची, त्यांच्या घरी चार घास खायचे. संपलं. आखाजीच्या माराची फिर्याद कोणी करत नाही.
मी विचार केला, यात कसलंही प्लॅनिंग नाही. दरवर्षी आमची ढेकळं नदीच्या मध्यात पडतात. यंदा गावात एक जवान आहे. मळ्यातली पाखरं हाकलायची गोफण काढली, तेल लावलं. रेंज चांगली आहे. गोटे नदीतलेच निवडले, वजनाला सारखे.

२७ एप्रिल, आखाजी, संध्याकाळ
मोहीम फत्ते!
नीट लिहून ठेवतो. पोरींची गाणी रंगात आली होती. आमची पोरं नेहमीसारखी ढेकळं फेकत होती. मी उंचवट्यावर पोझिशन घेतली. गोफण फिरवली. एकच गोटा. पलीकडे एक जण खाली बसला, मग आडवा झाला, आणि एनिमीची सगळी गर्दी मागे सरली. पूर्ण रिट्रीट.
एवढंच, की गाणी एकदम थांबली. दोन्ही काठांवरची. आमच्या पोरींनी गौराई तशीच पाण्यात सोडली आणि मुकाट घरी आल्या. इतक्या मोठ्या विजयाची सवय नसते लोकांना.
जेवताना कळलं, चुडामण होता. डोळ्याच्या वर थोडं लागलंय म्हणे. डोळ्याच्या वर म्हणजे कपाळच.

२८ एप्रिल
सकाळी जीवराम नाना आले. गावातले सगळ्यात वयस्कर, त्यांच्यासमोर माझे वडील आबाही खाट सोडून उठतात. नानांनी हळकुंड आणि गुळाचा खडा कागदात बांधून आणला होता. म्हणाले, "दिन बुडाना पहिले जाय. हायद लाव, चार घास खाय. बठ्ठं मिटी जाई."
मी म्हटलं, जातो. मग विचार केला. उद्या कर्नलसाहेबांना कळलं की आपला जवान समोरच्या पार्टीकडे गूळ घेऊन गेला होता, तर? शिवाय आज मिलिटरी कटिंग करायचं ठरलं होतं आणि न्हावी उशिरा आला.
नानांना हे पटवून सांगितलं. त्यांनी गोफणीकडे बघितलं आणि म्हणाले, "गोफण आखाजीनी नही शे. गोफण पाखरूसले ऱ्हास." जुन्या लोकांना टॅक्टिक्स कळत नाही.
संध्याकाळी नदीवर चक्कर मारली. पलीकडच्या काठावर चुडामणची आई, बेबाबाई, एकटीच उभी होती. दिवेलागण झाली तरी उभी होती. म्हैस हरवली असेल.
पुडी फळीवर ठेवलीय. उद्या बघू.

३० एप्रिल
चुडामणला जळगावला नेलं, मोठ्या दवाखान्यात. एवढ्याशा जखमेला जळगाव! केळीवाल्यांना हौस असते.
त्याला पोस्टकार्ड टाकणार आहे. मजकूर मनात तयार आहे.
नदीवर गेलो होतो. पलीकडे धुणं धुणाऱ्या बाया मला बघून उठून गेल्या. कपडे अर्धवटच पिळले त्यांनी.

३ मे
पोलीस आला होता, पाचोऱ्याहून. बेबाबाईनं फिर्याद दिलीय. आखाजीच्या माराची फिर्याद! आबांना ते ऐकून खरंच वाटेना. पण त्या बाईनं म्हणे ठाण्यात सांगितलं, हळद आली असती तर मी आले नसते.
पोलिसाला मी शांतपणे समजावलं की मी आता मिलिटरीचा माणूस आहे आणि कर्नलच्या परवानगीशिवाय मला हात लावता येत नाही. त्यानं विचारलं, नंबर मिळाला का? युनिफॉर्म? म्हटलं, १४ जूनला मिळेल. तो म्हणाला, मग १४ जूनला बघू, आत्ता गोफण द्या. माझ्याआधी आबांनीच खुंटीवरून काढून दिली.
चहा ठेवला होता. त्यानं घेतला नाही. पोलीस चहा सोडून जातो हे मी आजच बघितलं.
रनिंग उद्यापासून.

९ मे
चुडामणचा डोळा काढला.
काढला म्हणजे काढूनच टाकला. तो ठेवला असता तर दुसराही गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्याची खात्री अजून नाही. हे असं असतं हे मला माहीत नव्हतं. एका डोळ्याला मारलं तर दुसऱ्याचा काय संबंध?
गेलेला डावा आहे. बंदुकीचा नेम धरायला उजवा लागतो. तेव्हा मिलिटरीला अडचण नसावी. साहेबांना मी स्वतः सांगेन त्याच्याबद्दल.
  आज केळी घरात होती, आईला म्हटलं बाहेर नेऊन ठेव.

२० मे
पाचोऱ्याला अटक झाली. अटक हा शब्द मोठा आहे, बाकावर बसवून ठेवलं होतं. नाना जामीन राहिले. कोर्टात माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.
कलम आधी हलकं होतं, डोळा गेल्यावर तीनशे सव्वीस, गंभीर दुखापतीचं, झालं. वकील म्हणाले, आता दोघांनी ठरवलं तरी हे मिटत नाही, खटला चालणारच. आणि परवानगीशिवाय तालुका सोडायचा नाही. पुढची तारीख १४ जून.
मी म्हटलं, त्या दिवशी तर मला देशानं बोलावलंय. वकिलांनी चष्मा पुसला. म्हणाले, तारखेला हजर राहा.
बसमध्ये शांतपणे विचार केला. देश मोठा की पाचोरा? एकदा युनिफॉर्म अंगावर आला की साहेबच कोर्टाला लिहितील. घरी आबांना सांगितलं की कोर्टानं सूट दिलीय. हे खोटं नाही, फक्त थोडं आधी सांगितलं.

२ जून
रात्री झोप लागत नाही. पलीकडून कधी कधी कोणीतरी ओरडल्यासारखं वाटतं. आई म्हणते कोल्हा आहे.
चुडामणला घरी आणलंय. जाऊन येणार होतो. पण मी फिर्यादीच्या घरी गेलो तर साक्षीदार फोडतो असा अर्थ निघेल. कायद्यानंच माझे हात बांधलेत.

१३ जून
निरोप समारंभ. ताशा, हार, गुलाल. लालचंदशेठनं पेढे वाटले. आबांनी नवीन फेटा बांधला होता. स्टँडपर्यंत मिरवणूक आली. आबा रडले. मला भरून आलं, पण जवान रडत नाही.
मिरवणुकीत नाना नव्हते. त्यांच्या दारावरून गेलो तेव्हा दार उघडं होतं आणि ते आत पाठ करून बसले होते.
ट्रंक आईनं भरली. बसमध्ये उघडली तर धोतराच्या घडीत नानांची ती पुडी. गुळाला मुंग्या लागल्या होत्या. गूळ खिडकीतून टाकला. हळकुंड टाकणार होतो, तेवढ्यात कंडक्टर आला.

१४ जून, धुळे
हवालदारानं नावं पुकारली. चुडामणचं माझ्या आधी होतं. दोनदा पुकारलं. मी तिथेच उभा होतो. मला सांगता आलं असतं. हवालदारानं काट मारली.
मग माझं नाव. कागद चाळले, पोलिसांचं पत्र काढलं, वाचलं. "पहले केस निपटाओ, फिर आओ." मी कर्नलसाहेबांना भेटायचं म्हटलं. मागची पोरं हसली. ट्रंक उचलून बाजूला व्हायला सांगितलं. गाडी भरली आणि गेली.
हा तात्पुरता होल्ड आहे. मोठ्या ऑफिसात कागद वर-खाली होतातच.
पाचोऱ्याच्या कोर्टात आत्ता माझं नावही कोणीतरी पुकारत असेल.

१६ जून, देवपूर, धुळे
अक्काकडे उतरलोय. सख्खी बहीण, लताबाई. तिला म्हटलं गाडी दोन दिवस लेट आहे. तिनं हातात घागर दिली. पाणी भरणं, गिरणीतून दळण आणणं, भाच्याला शाळेत सोडणं. हेही ट्रेनिंगच आहे.
घरी पोस्टकार्ड टाकलं: 'ट्रेनिंग कडक आहे. साहेब खूश आहेत. जेवण भरपूर.' जेवण खरंच भरपूर आहे.
रस्त्यावर खाकी दिसली की मी दुकानात शिरतो. काल एका दुकानात अर्धा तास बांगड्या बघितल्या.

२१ जून, देवपूर
दुपारी दारात आबा. तोच फेटा, पण हातात काढून घेतलेला. बरोबर तो चहा न पिणारा पोलीस.
झालं असं की आबांनी माझं पोस्टकार्ड चावडीवर सगळ्यांना वाचून दाखवलं. कोर्टात गैरहजर म्हणून वॉरंट घेऊन पोलीस गावात आला होता, तोही ऐकत उभा होता. त्यानं कार्ड मागून घेतलं आणि उलटून शिक्का बघितला. धुळे. धुळ्यात ट्रेनिंग सेंटर नाही, अक्का आहे.
 आबांनी ओरडावं म्हणून मी थांबून राहिलो. ते फक्त म्हणाले, "चाल." अक्कानं ट्रंक आणून दिली. ती आधीच भरलेली होती.

२४ जून
पुन्हा जामीन. या वेळी नाना उभे राहिले नाहीत, आबांनी लालचंदशेठला हात जोडले. पुढची तारीख ऑगस्टमध्ये. वकील म्हणाले, सैन्य विसरा.
गावात शिरायची हिंमत होईना. नदीच्या वाटेनं आलो आणि तसाच पाण्यात उतरलो. हळकुंड खिशात होतं.
बेबाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. मला बघून उठली नाही. आत अंधार केला होता, खिडकीला घोंगडं. चुडामण खाटेवर बसलेला, डाव्या डोळ्यावर पट्टी. उजव्याला उजेड सोसत नाही म्हणे, अंधारी येते.
"कोन शे?" त्यानं विचारलं. मी नाव सांगितलं.  मग म्हणाला, "वजन भरनं का तुन्हं?"
 हो म्हणालो.
हळकुंड पुढं केलं. कुठं लावायचं ते मला कळत नव्हतं. बेबाबाई आत आली, माझ्या हातातून ते घेतलं आणि बोटांनी चाचपून बघितलं. म्हणाली, "घाव ते कधळना भरी ग्या. हाई आते भाजीमा टाकसू."
आणि चुलीजवळच्या डब्यात टाकलं.
चूल पेटलेली होती. भाकरीचा वास येत होता. जेवायला बस, असं कोणी म्हणालं नाही. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि निघालो.